खाट सात : पेशंट जागेवर नाही

मी, तक्रारदाराची सख्खी धाकटी बहीण (नाव व पत्त्याचा पुरावा सोबत जोडला आहे), वय ५३ वर्षे, धंदा नोकरी, शाळेत प्रयोगशाळा सहायक, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला. आज रोजी सकाळी साडेअकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत आई माझ्याजवळ होती. आई, वय ८१, रुग्णालयात चौतीस वर्षे परिचारिका होती, त्यातली शेवटची अकरा वर्षे वॉर्डची मुख्य सिस्टर. वडील आमच्या लहानपणीच वारले. माझा थोरला भाऊ बावीस वर्षे परदेशात असतो. त्याला मी दादा म्हणते, जबाबातही तसेच लिहावे. आई ज्या शुश्रूषागृहात होती तिथे तिच्याकडे लक्ष दिले गेले नाही व त्यामुळे ती गेली, अशी दादाची तक्रार आहे. तिथल्या सेविकेवर त्याने आरोप केला आहे. या बाईंना तिथे सगळे मावशी म्हणतात. त्यांना कामावरून काढले आहे व त्या आत्ता बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत.

आईला विसरायला होऊ लागले तेव्हा एकदा गॅस चालू राहिला. एकदा ती जुन्या रुग्णालयाच्या फाटकाशी सापडली. ड्युटीला उशीर झाला म्हणून पहारेकऱ्याची माफी मागत होती. त्यानंतर मी शुश्रूषागृह बघायचे ठरवले. तीन ठिकाणे पाहिली. आईलाच बरोबर नेले होते.

हेच गृह का निवडले, असे विचारण्यात आले. निवड आईने केली. बाग, पडदे, भिंतीवरची चित्रे याकडे तिने पाहिले नाही. ती थेट एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी जायची, "बघू हं जरा" म्हणून पायावरचे पांघरूण बाजूला करायची आणि पडून पडून टाचांना जखमा झाल्यात का ते बघायची. मग नखे. मग पाण्याचा पेला पडल्यापडल्या हाताला येतो का, ते. शेवटी उशाची घंटा वाजवायची आणि छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे बघत उभी राहायची. पहिल्या ठिकाणी सहा मिनिटे कोणी आले नाही. दुसऱ्या ठिकाणी लगेच आले, पण घंटा का वाजवली म्हणून दटावायला. तिसऱ्या ठिकाणी मावशी कोपरापर्यंत ओल्या हातांनी आल्या. आईने विचारले, "हात पुसायला सवड नाही मिळाली?" मावशी म्हणाल्या, "पुसत बसले असते तर तुम्ही घड्याळ दाखवलं असतं." आई माझ्याकडे वळून म्हणाली, "इथे."

गृहात बारा खाटा आहेत. आईची सातवी, खिडकीजवळ. शाळा सुटल्यावर मी रोज पाच ते साडेसहा तिथे असे, रविवारी दिवसभर. पहिला महिना आई रडायची. घरी जायचे म्हणून नव्हे, तर तिला कोणी चार्ज देत नव्हते म्हणून. दुपारी चारला आपली ड्युटी लागते आणि वॉर्डात आपल्याला कोणी काही विचारत नाही, हे तिला लागत असे. शेवटी एक दिवस मावशींनी तिच्या हातात कोरी वही आणि पेन दिले व राउंडला चलायला सांगितले. त्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा आई उशी टेकून बसली होती आणि आज काम फार झाले म्हणून तक्रार करत होती. पगार वाढल्यासारखा चेहरा होता.

हे चालेल का, असे मावशींनी मला विचारले होते. मी हो म्हटले. बोलणे तोंडी झाले, कागद नाही. पण पुढच्या रविवारी मी आईला पांढरे कॅनव्हासचे बूट आणून दिले. त्यामुळे परवानगी माझी होती, याबद्दल शंका नसावी. राउंडचे आपल्याला काही माहीत नव्हते असे व्यवस्थापक आता म्हणतात. आई दर शनिवारी वही त्यांच्या टेबलावर तपासायला ठेवत असे व सोमवारी ती परत येत असे. प्रत्येक शनिवारच्या पानावर त्यांची छोटी सही आहे.

राउंडला आई पुढे आणि मावशी तिच्या डाव्या हाताला अर्धे पाऊल मागे. खाट दोनवरचे शिंपीकाका चारच्या आधी केस विंचरून बसत. आई चादरीचे कोपरे ओढून बघायची. "पोरी, ही चादर आहे की बोळा? अजून कायम झालेली नाहीस, विसरू नकोस," असे मावशींना सगळ्यांदेखत सुनवायची. मावशींना दोन नातवंडे आहेत. त्या "चुकलं सिस्टर" म्हणायच्या आणि कोपरा नीट करायच्या. रविवारी मी खुर्चीत बसून हे बघत असे. लहानपणी शाळेतून आल्यावर मी आईचे बूट पांढरे करायचे आणि ती पाय कोमट पाण्यात सोडून वॉर्डातल्या नव्या पोरींच्या गमती सांगायची, ते दिवस मला तिथे बसल्याबसल्या आठवत. याचा प्रकरणाशी काय संबंध, असे विचारण्यात आले. संबंध पुढे येतो.

राउंड सहावरून सातवर आला की खाट रिकामी असायची, कारण तिथली पेशंट राउंडवर होती. आई थांबायची, चादरीवरून हात फिरवायची आणि वहीत लिहायची : "खाट ७. पेशंट जागेवर नाही. नातेवाइकांना कळवणे." पहिल्या दिवशी मावशींनी, अहो ही तुमचीच खाट, असे समजावून पाहिले. आईने वही मिटली व पुढच्या पाच खाटा बघायच्या राहिल्या. तेव्हापासून मावशी फक्त "कळवते, सिस्टर" म्हणू लागल्या आणि खरोखर कळवत. मी आले की दारातच सांगत, "खाट सात आज पण जागेवर नव्हती हो." आम्ही दोघी हसत असू. आई आमच्याकडे रागाने बघे.

चालू महिन्याच्या ३ तारखेला शाळेत परीक्षा असल्याने मी पावणेचारलाच पोचले. पुढचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. चार वाजून दहा मिनिटांनी आई खाट चारच्या चाकाचा ब्रेक बघायला वाकली. उठताना तिने आधारासाठी उजवीकडे भिंतीवर हात टाकला. त्या भिंतीला धरायचा दांडा नाही. तोल गेला. मावशींनी दंड धरला, सोडला नाही, आणि दोघी खाली आल्या. मावशींचे कोपर फुटले. आई जमिनीवरून म्हणाली, "ब्रेक लागलेला नव्हता. लिहून घे." मावशींनी आधी ब्रेक लावला, मग रुग्णवाहिका बोलावली. खुब्याचे हाड मोडले होते. नऊ दिवस ती रुग्णालयात होती. तिथल्या परिचारिका तिला आजी म्हणत. त्यात गैर काही नाही. १२ तारखेला सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी ती गेली.

दादा १३ तारखेला आला. १४ला आईचे सामान आणायला तो एकटा गेला, मी गेले नाही. कपाटात त्याला वही मिळाली. ती गृहाचीच नोंदवही आहे असा त्याचा समज झाला. पेशंट जागेवर नाही, कळवणे, पेशंट जागेवर नाही, कळवणे. त्याने लाल पेनाने एकशे सदतीस गोल केले आहेत. आई दिवसेंदिवस गायब असते, हे लोक नुसते वहीत लिहितात आणि कोणी शोधत नाही, असे त्याने धरले आणि मला न विचारता १९ तारखेला तक्रार दिली. मी त्याला दोष देत नाही. काही माहीत नसताना मी ती वही वाचली असती तर मीही हेच केले असते.

वहीतले अक्षर आईचे आहे. हात कापत असल्यामुळे मोडलेले आहे. खात्रीसाठी मी घरातली जुनी वही सोबत देत आहे. आमच्या लहानपणी आई आमच्या आजारपणाची नोंद ठेवत असे. घरातही दादा खाट १ आणि मी खाट २. आकड्याखाली दोन रेघा ओढायची तिची सवय दोन्ही वह्यांत आहे. पान नऊवर दादाची नोंद आहे : "खाट १. ताप नाही. थर्मामीटर चहात बुडवला. शाळेत पाठवणे." काल मी हे पान दादापुढे ठेवले. त्याने ते वाचले, हसला, आणि मग आकड्याखालच्या दोन रेघांवरून बोट फिरवले. शेवटी म्हणाला, "म्हणजे मला आईचं अक्षर ओळखता आलं नाही, असं लिहून देणार तू?" मी सांगितले की जेवढे विचारतील तेवढे सांगेन. तक्रार मागे घ्यायला तो अजून तयार नाही.

तिथली देखभाल कशी होती, असे सरळ विचारण्यात आले. रविवारी सूप कोमट यायचे. कपड्यांची दोनदा अदलाबदल झाली, एकदा आई शिंपीकाकांच्या स्वेटरमध्ये बसलेली मिळाली व तो तिला शोभत होता. सुट्ट्यांत माणसे कमी पडत आणि अंघोळ राहून जाई. परंतु आईच्या टाचा मी रोज बघत होते. शेवटपर्यंत त्या स्वच्छ होत्या. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिची पाठ बघून विचारले होते की घरी यांचे कोण करते. मी मावशींचे नाव सांगितले होते.

आणखी एक सांगायचे आहे. राउंडच्या याच वहीत "खाट ४. भिंतीला दांडा नाही. त्वरित बसवणे" अशी नोंद एकोणीस वेळा आहे. व्यवस्थापकांची सही त्याखाली आहे. मीही ती नोंद वाचली होती. जुन्या वॉर्डातले काहीतरी मनात असेल, असे समजून मी पान उलटले. तिला वही आम्हीच दिली होती आणि तिने तपासणी खरी केली होती. हलगर्जी कोणाची असेल तर ती वही न वाचणाऱ्यांची आहे. त्यात व्यवस्थापकांबरोबर माझेही नाव लिहावे. मावशींचे लिहू नये. त्यांना वाचता येत नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. त्यात एका ठिकाणी "सेविकेने पेशंटला वॉर्डात मोकळे फिरू दिले" असे लिहिले गेले होते. मी तसे सांगितलेले नाही. माझ्या म्हणण्यावरून ते खोडून तिथे "सेविका पेशंटबरोबर चालत होती" असे लिहिले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितल्याबरहुकूम आहे.