डाग न पाडणारा डेव्हलपर

कुणीतरी तुमचे कान भरलेत, साहेब. नाही, नाव सांगू नका, मला नाव नकोच आहे — पण आयुष्यात पहिल्यांदा शीट फिल्म धुणारा माणूस दुकानात येतो आणि थेट डाग पाडणारा डेव्हलपर मागतो, हे आपोआप होत नाही. चार बाय पाच इंची सुटे तुकडे ना? कृष्णधवल? मग हा घ्या. हा साधा, फिल्म धुवायचं सरळ रसायन. दोन पुड्या, कोमट पाण्यात आधी लहान, मग मोठी, गार करायचं, वापरताना तेवढंच पाणी आणखी, वीस अंश, दहा मिनिटं — संपलं. जे समोर होतं ते फिल्मवर येतं. माणसाला आणखी काय हवं? तो दुसरा फिल्मला हिरवट-पिवळा डाग पाडतो, मुद्दाम पाडतो, आणि लोक त्याला गुण म्हणतात! शर्टावर पडला की डाग, फिल्मवर पडला की कला. वर विषारी. हातांची नखं तपकिरी होतात, आठवडाभर जात नाहीत — वहिनींची बघा एकदा, भिंत खरवडून आल्यासारखी.

वहिनी म्हणजे मामाची सून. बघा, त्यांचंच नाव निघाल्यावर मान हलवलीत. मला वाटलंच. दुकान माझ्या सख्ख्या मामाचं, मी सात वर्षं या काउंटरमागे — कॉलेज सांभाळून, पदवी घेऊन, चांगली नोकरी नाकारून — आणि त्या आल्या आठ महिन्यांपूर्वी. लग्न मामेभावाशी केलं, संसार डार्करूमशी मांडला. तो बिचारा, त्याला ट्रे म्हटलं की चहाचाच आठवतो. मला त्याचं काही नाही हं. मला कशाचंच काही नाही.

मामानं मला कसं शिकवलं ठाऊक आहे? मिट्ट काळोख, सहा शीट एका ट्रेत, तळातली काढायची, वर ठेवायची, पुन्हा तळातली काढायची, वर ठेवायची — आणि उघड्या बोटांनी, हातमोजे घातले की कोपरा कळत नाही, खालच्या शीटवर ओरखडा उठतो. दोन वर्षं मी ओरखडेच काढले. मामा रागावला नाही, पण कौतुकही नाही. या आल्या, आणि पहिल्याच महिन्यात एक ओरखडा नाही! मामा म्हणतो, "हिचा हात बघ रे." काळोखात काय हात बघणार? पण म्हणाला. मला सात वर्षांत नाही म्हणाला.

काय? हे हातमोजे? हे — हे काउंटरवर घालतो, लेन्सवर बोटांचे ठसे उठतात ना. फार बारीक नजर आहे हो तुमची.

तर मुद्दा असा, की पुढच्या महिन्यात नदीवरचा जुना पूल पाडतायत. मामा मोठ्या कॅमेऱ्यानं त्याच्या बारा शीट काढणार. बाराच, कारण ती फिल्म आता बनत नाही, शेवटचं खोकं उरलंय. आणि मामाचे हात हल्ली थरथरतात, ट्रेत घालायचे राहिले नाहीत. मग धुणार कोण? मी धरूनच चाललो होतो. मामा म्हणाला, "तसं नको, परीक्षा घेऊ." मागच्या अंगणात दोरीवर पांढरी चादर वाळत होती, तिच्यामागे कोठीचं काळं दार. दोन शीट काढल्या, ऊन तेच, वेळ तीच. एक मी माझ्या साध्यात धुतली, एक त्यांनी त्यांच्या डागवाल्यात. मामानं दोन्ही प्रिंट टेबलावर ठेवले — "ओळख तुझा कुठला." अहो, एकात चादर म्हणजे नुसता कोरा कागद. आणि दुसऱ्यात — दुसऱ्यात चुणी न् चुणी, काठाची शिवण, चिमट्यापाशी कापड कसं ताणलंय ते, आणि मागे दाराची फळी न् फळी. त्यात ओळखायचं काय? मी बोट ठेवलं. हा. हा माझा.

मग मामानं प्रिंटची कड दाखवली. शीट ज्यात बसवून कॅमेऱ्यात घालतो त्या आपापल्या फिल्म होल्डरला आम्ही प्रत्येक जण कानशीनं खाच पाडतो, ती निगेटिव्हच्या कडेला उमटते, म्हणजे अदलाबदल नको. माझ्या होल्डरला दोन खाचा. मीच पाडल्यात, माझ्या हातानं. त्या प्रिंटवर एकच होती, वहिनींची. डोळ्यांसमोर होती — पण मला बघायची गरजच वाटली नाही!

हसा, हसा. आणि वहिनी काय म्हणाल्या? "भावजी, तुमचं पाणी जरा गरम झालं असेल." समजूत घातली माझी! मला समजूत नको होती हो, मला भांडण हवं होतं. मामा म्हणाला, रविवारी सांगतो बारा शीट कुणाच्या हातात द्यायच्या ते. आज शुक्रवार.

म्हणून सांगतो, हा साधा घ्या. तो दुसरा संपलाय. सोमवारी दोन बाटल्या होत्या, गेल्या. कुणी नेल्या ते कसं आठवणार, गर्दी असते. आता नाहीये, पण असते. खालच्या खणात? खणात काही नाही, रिकाम्या बाटल्या आहेत. मी? छे! मी मरेन, पण त्या ट्रेत बोट घालणार नाही. माणसाला काही तत्त्व — काय हो मावशी, मागची खोली झाडून झाली ना? मग उभ्या का अशा? बोला की, साहेब काही परके नाहीत.

"काही नाही दादा, वहिनींनी बोलू नका सांगितलंय, पण या उकाड्यात ते मोजे किती दिवस घालणार? तुमची नखं त्यांनी परवाच बघितलीत. म्हणाल्या, असू दे मावशी, भावजी शिकतायत."