दगडावर कोरायची नावं

गोवा राज्य झालं त्या वर्षी डिचोलीच्या मामलेदार कचेरीत बाकावर तीन माणसं बसली होती. दाखल्यासाठी थांबलेल्या योगिताने शेजारच्या शिवदास मास्तरांच्या कागदावरची, बंडवाल्यांच्या स्मारकासाठीची नावं मोजली. सतरा होती. पलीकडून पाळीच्या पद्मावतीबाय म्हणाल्या,

"मास्तर, स्मारकार माझ्या आज्याचं नाव घाला. पोर्तुगीजांविरुद्धच्या जुन्या बंडात होतो तो."

"बाये, माझ्या वहीत त्रेचाळीस बंडवाले होते. गावोगाव विचारून लिहिलेले. मुक्तिलढ्याच्या सभेत वाचले की पोरं पेटून उठायची."

"मग वही खंय गेली?"

"पोर्तुगीजांचे पाखले पोलीस झडतीला आले, तेव्हा चुलीत घातली. नावं मिळाली असती तर तुमच्याच घरांवर धाड पडली असती."

"म्हणजे घरां वाचवलात आणि नावां जाळलात! वहीत माझो आजो होतो?"

"असेलही. मला सतराच आठवतात."

"मी सांगतंय मां आता? लिहा."

"दोन घरांनी सांगितल्याशिवाय तेव्हाही लिहिलं नाही. दुसरं कोण सांगेल?"

"सांगणारे सगळे मेले, मास्तर."

"होय गे."

शिपायाने हाक मारली. मास्तर कागद घेऊन आत गेले. कारकुनाने पोचपावती लिहिली: नावं सतरा.