पुसायच्या आधी

—नाही नाही, त्या करड्या डिस्कला हात नका लावू, ती विकायची नाही. बाकी फळीवरची कुठलीही उचला. जुनी हार्ड डिस्क घ्यावी की नको, हेच चाललंय ना डोक्यात? मघापासून बघतोय — उचलताय, उलटी करताय, परत ठेवताय. अहो, भाजी आहे का ती, देठ बघून कळायला? ही वायर जोडली, आता कान लावा. हां, असा. एकसारखी घरघर येतेय ना — ही धडधाकट. आणि ही बघा — टक्, टक्, थांबली, परत टक् — ही गेल्यात जमा. मी अशी कुणाच्या गळ्यात मारत नाही.

तुम्हाला मुलीचे फोटो ठेवायचेत म्हणालात, मग ही घ्या. ऑफिसातली आहे, थंड खोलीत राहिलेली, धूळ नाही, धक्का नाही. पुसलीय का? पुसतो ना — पण विकताना, गिऱ्हाइकासमोर. आधी नाही. का म्हणजे? मग पारखायची कशी? आतले व्हिडिओ सलग लावायचे, कुठं अडखळली नाही तर चांगली. लोक काय करतात, डिलीट मारतात आणि हात झटकून कॉम्प्युटर भंगारात देतात. त्यांना वाटतं गेलं. कुठलं जातंय! सगळं परत वर काढता येतं. मी बघतो ते आपलं पारखण्यापुरतं हो. म्हणजे — बायको गेल्यापासून घर खायला उठतं, मग इथेच लावून बसतो. कुणाचं भांडण, कुणाचं हसणं... सोबत होते.

तर ही पुरेल तुम्हाला. खारूताईचे सगळे फोटो मावतील, वर जागा उरेल.

काय झालं?

नाव तुम्हीच नाही का घेतलंत मघाशी? नाही? बरं, मग नसेल घेतलं. बसा हो, निघालात कशाला? दार ओढू नका, कडी लावलीय मी — काढतो, काढतो, आधी एवढं सांगा. आत आलात तेव्हाच ओळखलं तुम्हाला. जरा सुटलात. त्या करड्या डिस्कवरच्या शेवटच्या व्हिडिओत पुढचे दात पडलेत तिचे, आरशासमोर शीळ वाजवायला बघतेय, नुसतीच फू फू हवा, तुमची बायको मागून हसतेय — आणि संपलं. तिथेच नवा कॉम्प्युटर घेतलात तुम्ही. पुढचं मला कसं कळणार? रोज लावतो मी ते, रोज तिथेच संपतं. आली का हो तिला शीळ?

पुसू? आत्ता, तुमच्यासमोर? ते नाही जमायचं. विकतानाच पुसतो, सांगितलं ना, आणि ती विकायची नाही. ओरडू नका, भंगारवाल्याकडून रीतसर घेतलीय. त्यापेक्षा ही ऑफिसातली न्या, पैसे नकोत. हवं ते भरा तिच्यात, शाळा, सहली, घरातलं सगळं. भरली की तेवढी माझ्याकडेच आणा, दुसऱ्या कुणाला —

बरं, ती करडी ठेवा खाली. ठेवा. ही घ्या काढली कडी. घर तेच आहे ना अजून? डिस्कमधल्या विजेच्या बिलावर पत्ता होता, जिन्यालगतचं दार. राहू द्या, नका सांगू. जा तुम्ही.