देल्फिनाताईंचा पोहण्याचा क्लास

मनिलातलं ऑफिस सुटल्यावर नेस्तर तासभर जीपनीच्या, म्हणजे तिथल्या लांबट प्रवासी जीपच्या, रांगेत ताटकळत होता. मागे एकाच ऑफिसातल्या दोघी बोलत होत्या.

"देल्फिनाताई, साहेबांना चक्क नाही म्हणालात?"

"म्हणाले. जादा काम नको, पोहण्याचा क्लास आहे."

"चोपन्नाव्या वर्षी?"

"जन्मले बेटावर गं, पण वडील बुडून गेले. आईनं पुन्हा पाण्यात पाऊल टाकू दिलं नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की! परवा नाकातोंडात पाणी गेलं. पोरं हसली."

"मग?"

"मग पुन्हा उतरले. चार हात मारले बाई, कुणाचा आधार न घेता!"

"साहेब उद्याही थांबवतील."

"थांबवू देत. उद्याही जाणार."

जीपनी आली. जागा एकच होती आणि नंबर नेस्तरचा होता. तो बाजूला झाला.

"तुम्ही चढा, ताई. मला काय, घरीच जायचंय."