मामाची जांभई

आमच्या घरी जांभई आली का सगळे हनुवटी धरतात, ते काहून सांगू? कापसाचे भाव पडले त्या सालातली गोष्ट. आर्णीच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर मामा दोन गाड्या कापूस घेऊन तीन दिवस रांगेत होता. नंबर आला अन् मामानं अशी जांभई देल्ली का जबडाच निखळला. तोंड काही मिटेना.

कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर पहिली गाडी पाहून म्हणे, "दुसरी ग्रेड." मामा नुसता आ वासून पाहून राह्यला. ग्रेडरले वाटलं, याले धक्का बसला. घाबरून म्हणे, "बरं बाबा, पहिली लिहितो!"

पहिली गाडी मोजली अन् लोकायनं मामाले तसाच दवाखान्यात नेला. डाक्टरनं दाढांवर अंगठे दाबून जबडा बसवला. "आठ दिवस शेका, तंबाखूचा खर्रा बंद, जांभई देताना हनुवटी धरा."

आता मामा नाही, त्या रांगाही नाहीत. पण जबडा बसल्यावरचं त्याचं पहिलं वाक्य अजून आठवते, "डाक्टरसाहेब, एवढी घाई कायले केली? माही दुसरी गाडी मोजाची हाय अजून!"