बसून विचारायची खिडकी

—"कृष्णकांतचे बापूजी सापडले, आर्वीकडं..." इतकंच कानावर पडलं जी माझ्या आज नळावर, अन् मी जवळ जाईस्तोवर अंजनाबाई घागर उचलून चालती झाली! तिलेच पत्ता विचारला का तुम्ही? मले वाटलंच. चहा घ्या नं भाऊ. कृष्णकांत येईलच जेवायले, शेजारचंच घर त्याचं, किल्ली माझ्यापाशी राहते. गावोगावच्या मोटरस्टँडवर त्यानं बापाचा फोटो चिकटवला, तो पाहून आले असाल — हो नं? पाहा, बरोब्बर ओळखलं.

बापूजी काटोलले लेकीकडं निघाले होते. कमरेतून पार वाकलेले, अन् स्टँडवरची चौकशीची खिडकी ही एवढी उंच, वरून जाळी — आतल्या बाबूले ते दिसलेच नाही. गर्दीनं रेटलं, बसले कोणत्या तरी गाडीत. कोणत्या, ते कोणीच सांगेना. दोन दिवाळ्या गेल्या. कृष्णकांत इमारतींचे नकाशे काढणारा माणूस, नव्या चौकशी केंद्राचं काम त्याच्याच टेबलावर आलं — तर काय केलं असेल त्यानं? जाळी काढली, काच काढली, खिडकी इतकी खाली आणली का माणसाले बसून विचारता यावं. समोर बाकडं, तिन्हीकडून मोकळं. साहेब म्हणे, "हे चौकशी केंद्र आहे का चावडी?" पण तो ऐकते कुठं! इथंच अंगणात पेट्यांवर पाट ठेवून खिडकी मांडली — मी बाबू, अन् मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या प्रवासी! रुखमाबाई मले विचारे, "काटोलची गाडी कवा हाय वं?" मी म्हणायची, "सुटे पैसे आहेत का, बुढीमाय?" हसून हसून पोट दुखे. तो मात्र टेप घेऊन तिच्या तोंडाची उंची मोजून राहिला होता. हसला नाही.

आता बांधून झालं, रंग तेवढा राहिला. तो म्हणते, "काकू, बापूजी आले का पहिले त्यांनाच बसवतो तिथं." मीच म्हणत होती त्याले, येतील रे पोरा... अन् आज नळावरून आल्याबरोबर पुरण शिजत घातलं मी. चहा तसाच ठेवला तुम्ही? सोबत काहून नाही आणलं त्यायले?

पिशवीतून काय काढलं? हा... हा चष्मा तर बापूजींचाच. काडीले दोरा मीच बांधून दिला होता.

कवा? — गेल्या पावसाळ्यातच? अन् गावानंच सारं क्रियाकर्म केलं, नावगाव माहीत नसताना?

सायकल वाजली. तोच. चष्मा ठेवा पिशवीत — ठेवा म्हणते नं! दोन घास जाऊ द्या त्याच्या पोटात, मग सांगा. अन् माझ्याकडं पाहू नका. जा, तिकडं मोरीवर हात धुवा.