एकाच स्क्रीनवरच्या दोन पत्रिका

तुम्ही घोडेगावच्या सहादेवरावांच्या घरच्या ना? — मग बसा, बनुताई, उभ्याउभ्या भांडू नका. भांडायला आलात ते कळलंय मला, हातातली पत्रिकाच सांगतेय. सख्ख्या भाचीचं, दिशाचं लग्न, आणि पत्रिकेत मामाचंच नाव नाही! कारखान्याचे संचालक आहेत, पतसंस्थेचे चेअरमन आहेत, कोण कुठले दादा-भाऊ आहेत, आणि मंगलाष्टकाला मुलीच्या पाठीशी उभा राहायचा तो मामा तेवढा नाही. राग येणारच. सहादेवराव म्हणाले असतील, ‘दाजींनी मुद्दाम गाळलं, आता त्या मांडवात पाय ठेवणार न्हाई’ — म्हणाले ना? वाटलंच मला. पण ताई, मुलीच्या बापानं, काकासाहेबांनी, नाही गाळलं. गाळलं ते माझ्या दिरानं, फैयाजनं. आत्ता नगरला कागद आणायला गेलाय. तो यायच्या आत सगळं ऐकून घ्या, मग इथून सरळ काकासाहेबांच्या घरी जा आणि चारचौघांत त्याचं नाव घ्या. मला तेवढंच हवंय.

हे बघा, हे माझं कॉम्प्युटरचं मशीन, ते फैयाजचं, आणि ते कोपऱ्यातलं हिशेबाचं. मशीनं तीन, स्क्रीन एक. पूर्वी ज्याची त्याला होती — मग लाईट वरखाली झाली आणि बाकीच्या जळाल्या. नव्या आणायच्या सोडून ह्यानं ही डबी आणली, ऑनलाइन मागवली, असेल त्यातली सगळ्यात स्वस्त. तिन्ही मशीनच्या वायरी हिच्यात, हिच्यातून एक वायर स्क्रीनला. बटण दाबलं की चित्र बदलतं — आता माझं, आता त्याचं. चित्रच फक्त, बरं का, कीबोर्ड ज्याचा त्याच्यापाशी. आणि डबी ठेवली कुठं? त्याच्या कोपराशी! ‘भाभी, एक मिनिट, अर्जंट है’ — टक्. माझी ओळ अर्धवट, समोर गिऱ्हाईक बसलेलं, आणि मी काही दिसत नसताना टाइप करतेय. वर गिऱ्हाइकाला काय सांगायचा — ‘भाभीचं मशीन बंद आहे, इकडं या.’ असं एकेक माणूस माझ्या टेबलावरून उठवून नेलं त्यानं. ह्या केडगावात लग्नपत्रिका जुळवण्यात माझा जन्म गेला, ताई. कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं की कोण रुसतं, हे मला तोंडपाठ. तुमच्या नणंदबाईंच्या थोरलीची पत्रिका माझ्याच हातची — त्यात मामाचं नाव ठळक होतं की नाही? होतं ना! आठवतंय ना!

दिशाचा मजकूरसुद्धा काकासाहेबांनी आधी माझ्याकडेच दिला. ‘हमिदाबी, तुमीच करा,’ म्हणाले. मी केली, अगदी मन लावून. ते बघायला आले, आणि ह्यानं — टक्. ‘भाभीचं मशीन बंद आहे, काकासाहेब, मी देतो ना करून.’ माझ्या तोंडासमोर! मी दातओठ खात बसले. मग त्यानं तेच डिझाईन, तोच गणपती घेऊन आपली वेगळी पत्रिका केली. पुढाऱ्यांची नावं वाढत गेली, जागा पुरेना, तर ह्यानं मामाची ओळ उडवली. ‘मामू का नाम बाद में डालेंगे.’ ते राहिलं ते राहिलंच. — हो, मी पाहिलं होतं. सांगितलं नाही, म्हणजे — वाटलं, काकासाहेब वाचतीलच की. वाचून ‘फायनल’ म्हटल्याशिवाय आमच्याकडं छापत नाहीत. आणि वाचलीच त्यांनी! चष्मा लावून, मोठ्यानं, एकेक नाव. तुमच्या मालकांचं नाव आलं तसे हसले, म्हणाले, ‘आमचे मेव्हणे. बैलाचा दात न बघता वय सांगत्यात, लई पारखी माणूस.’ असे म्हणाले, अगदी कौतुकानं. म्हणून म्हणते, त्यांच्या मनात काही नव्हतं.

मग छापलं कसं नाही? — अहो, तेच तर सांगतेय! त्यांनी वाचली ती माझी. छापली ती त्याची. डबीनं उडी मारली. स्वस्तातली ना — झोपलेलं मशीन जागं झालं की बटण न दाबताच तिकडं जाते. फैयाजला हे माहीत नाही. तो आपली पत्रिका स्क्रीनवर लावून चहा सांगायला बाहेर गेलेला. परत येताना दारातच ‘फायनल’ ऐकलं, आणि स्क्रीनकडं न बघताच आपल्या कीबोर्डवर कळा दाबल्या. प्रिंटर सुरू.

माझं मशीन जागं कुणी केलं? — अं? हात लागला असेल, टेबल पुसताना. धूळ किती येते पुणे रोडची — असं बघू नका हो, ताई. बरं, लागला नाही, लावला! एक कळ. म्हटलं, दिसू दे काकासाहेबांना, माझं मशीन बंद नाही ते. एवढंच होतं मनात. पण तेवढ्यात हा आला, आणि मला कळलं हा आता काय छापणार — आणि मी गप्प बसले. हो, मुद्दाम. एकेक पत्रिका बाहेर पडत होती आणि ताई, काय गार वाटत होतं म्हणून सांगू. म्हटलं, छाप. अजून छाप. आता काकासाहेब तुला ह्या रोडवर उभं करून विचारतील, एकही गिऱ्हाईक तुझ्याकडं फिरकणार नाही, मग बघू कुणाचं मशीन बंद आहे ते! सहादेवराव मध्ये येतील, हे कुठं होतं माझ्या डोक्यात? तुमच्या घराशी माझं काय वैर?

दिशा रडतेय? — जेवत पण नाही? — हं. — पण मामाची ओळ उडवली त्यानंच ना? मूळ चूक त्याचीच ना? काकासाहेबांना तेवढंच सांगा की. कळ-बिळ कशाला काढायची त्यात. ते मी आपलं तुमच्यापुरतं बोलले, बाईमाणूस म्हणून. — ताई? अहो, उठलात कशाला? — चहा येतोय, बसा ना. — बनुताई!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब आणि सहादेवराव एकाच गाडीतून हमिदाबीच्या दुकानावरून पुढं गेले आणि दिशाच्या नव्या पत्रिका नगरात दुसरीकडं छापायला देऊन आले.